घोडें कोठें पेंड खातें : मंदावलेल्या घरगुती संगणकाच्या निदानाचा इतिहास

सात-आठ वर्षांपूर्वीं मोठ्या हौसेनें घरांत आणलेला संगणक एके दिवशीं अडून बसतो. पूर्वीं बटण दाबल्यावर मिनिटभरांत जो जागा होत असे, त्याच्यापुढें आतां चहाचा पेला निवेपर्यंत हात बांधून बसावें लागतें. एखादें पत्र उघडावयास सांगावें, तर पडद्यावरचें वर्तुळ गरगर फिरत राहतें. कंटाळून दाबलेल्या दहा आज्ञा मग एकदमच अमलांत येतात आणि घोटाळ्यांत भर पडते. घरांतील वडीलधारीं माणसें म्हणतात, 'जुना झाला.' शेजारी म्हणतो, 'व्हायरस शिरला असेल.' दुकानदार म्हणतो, 'ह्याच्यावर आतां खर्च करूं नका, नवाच घ्या.' तिन्ही निदानें ऐकतांक्षणींच पटण्यासारखीं असतात. गंमत एवढीच कीं, तीं करणाऱ्या तिघांपैकीं एकानेंहि यंत्राच्या आंत काय चाललें आहे हें पाहिलेलें नसतें.

ह्या पेटींत त्या घराचा कित्येक वर्षांचा संसार सांठविलेला असतो. लग्नाचीं छायाचित्रें, मुलांच्या गुणपत्रिका, कराच्या पावत्या, क्वचित् गेलेल्या माणसाचा आवाजहि. तेव्हां निदान चुकलें म्हणजे केवळ पैसे जातात असें नव्हे.

'जुना झाला' हें निदान प्रथम पाहूं. शिवणयंत्राचें चाक झिजतें, घड्याळाची कमान सैल पडते, बैल म्हातारा होतो. संगणकाच्या गणित करणाऱ्या भागांत मात्र ज्यायोगें तो हळूहळू मंद व्हावा असें कांहींच झिजत नाहीं. स्फटिकाच्या आंदोलनावर चालणारा त्याचा ठेका पहिल्या दिवशीं जितका जलद असतो, तितकाच तो दहा वर्षांनींहि असतो. हा भाग बिघडला तर बंद पडेल किंवा चुकेल; म्हातारपण त्याला ठाऊक नाहीं. असें असतां यंत्र मंदावतें, हेंहि खोटें नाहीं. मग मधला वेळ जातो कोठें? घोडें कोठें पेंड खातें? संगणकाच्या जन्मापासून हा प्रश्न त्याच्या पाठीस लागलेला आहे, आणि त्याचें उत्तर काळाप्रमाणें बदलत गेलें आहे.

आरंभीं उत्तर सरळ असे. १९४६ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठानें 'एनियाक' नांवाचें यंत्र लोकांस दाखविलें. त्यांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओच्या पेटींत मागच्या बाजूस मंद लाल प्रकाश देणाऱ्या ज्या कांचेच्या नळ्या असत, तेच हे. त्यांतील एक जरी गेला तरी उत्तर चुकावयाचें. व्हॉल्व्ह बहुधा तापतांना किंवा निवतांना दगा देतात, हें चालकांच्या ध्यानांत आलें, म्हणून शक्यतों यंत्र बंदच करावयाचें नाहीं असा नेम पडला. ह्या यंत्राला काम सांगण्यासाठीं सहा तरुणी नेमल्या होत्या : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलस आणि रूथ लिक्टरमन. त्यांना शिकविण्यास गुरु नव्हता व वाचावयास पुस्तकहि नव्हतें. जोडणीचे नकाशे पुढें पसरून त्यांनीं यंत्राची नस न् नस पाठ केली, आणि अखेरीस दोष कोणत्या व्हॉल्व्हाच्या आसपास आहे हें त्या एंजिनिअरांच्या बरोबरीनें सांगूं लागल्या. यंत्राच्या सत्कारसमारंभांत त्यांचीं नांवें कोणी घेतलीं नाहींत. तीं लोकांपुढें येण्यास पुढें कित्येक वर्षें जावीं लागलीं. रोगनिदानाच्या इतिहासांत पहिलें पान मात्र त्यांचेंच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें बांधलेला व १९६० सालीं कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हाहि व्हॉल्व्हांच्याच जातीचा; त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह होते.

ह्या काळाची एक गोष्ट सर्वतोमुखीं झाली आहे. १९४७ च्या सप्टेंबरांत हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क २' यंत्राच्या एका रिलेंत पतंग अडकून मेलेला सांपडला, आणि चालकांनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेवला. तेव्हांपासून यंत्राच्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणूं लागले असें सांगतात. तें खरें नाहीं. एडिसननें हा शब्द १८७८ सालींच आपल्या पत्रांत ह्या अर्थानें वापरला होता, आणि ज्यांनीं तो पतंग चिकटविला त्यांना त्यांतला विनोद म्हणूनच सुचला. इतकी गोड गोष्ट खोडून काढणें अनेकांच्या जिवावर येतें.

दोषाची दुसरी जात लौकरच उघडकीस आली. १९४९ च्या मे महिन्यांत इंग्लंडांत केंब्रिज येथें 'एड्सॅक' चालूं लागला. त्याचे कर्ते मॉरिस विल्क्स ह्यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे कीं, एकदां जिना चढतां चढतां त्यांच्या मनांत लख्खकन् प्रकाश पडला : आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपणच लिहिलेल्या आज्ञावलींतील चुका हुडकण्यांत जाणार! यंत्र धडधाकट, व्हॉल्व्ह शाबूत, आणि तरी उत्तर चूक. कारण चूक यंत्राला सांगणाराची. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल ह्यांनीं १९५१ सालीं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषयच एड्सॅकवरील आज्ञावलींतील चुकांचें निदान हा होता. यंत्रानें एकेक आज्ञा पाळावी आणि पाळतां पाळतां तिची खूण कागदावर छापीत जावें, म्हणजे वाट कोठें चुकली तें मागून पाहतां येईल, ही युक्ति त्यांनीं सांगितली. वैद्य नाडी पाहतो, तशी ही यंत्राची नाडी. त्याच सुमारास मँचेस्टरच्या 'फेरांटी मार्क १' यंत्राला एक भोंगा जोडलेला असे आणि चालक त्याच्या सुरावरून काम कसें चाललें आहे हें ओळखीत. पुढें घरोघरीं लोक डिस्कची करकर ऐकून 'बिचारा फार श्रमतो आहे' असें म्हणूं लागले, त्याची परंपरा अशी जुनी आहे.

आपल्या घरगुती दुखण्याची जात ह्या दोहोंहून निराळी. कोणताहि भाग मोडलेला नाहीं, आज्ञावलींत चूक नाहीं, उत्तरहि बरोबर येतें. फक्त तें येण्यास युग लोटतें. ह्या तिसऱ्या दुखण्याचें मूळ पुन्हां मँचेस्टरमध्येंच सांपडतें, आणि तें एका अत्यंत हुशार कल्पनेच्या पोटीं जन्मलेलें आहे.

संगणकाची स्मृति दुहेरी असते. एक चालती स्मृति, जिला दुकानदार 'रॅम' म्हणतात. ती अतिशय चपळ, परंतु महाग आणि म्हणून थोडी. दुसरी सांठवणीची, म्हणजे डिस्क. ती स्वस्त आणि अफाट, परंतु आळशी. पुण्याच्या पेशवे दप्तराचें उदाहरण घ्यावें. तेथें जुने कागद हजारों रुमालांत बांधून ठेविलेले आहेत. कारकुनाच्या पुढच्या मेजावर चार रुमाल मावतात असें समजूं. ज्याचें काम ह्या चार रुमालांत भागतें, त्याला उत्तर तत्काळ मिळावयाचें. पांचवा रुमाल लागला, कीं कारकुनानें उठावें, एक रुमाल बांधून परत नेऊन ठेवावा आणि पांचवा आणावा. मँचेस्टर विद्यापीठांतील टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें उठबशीचें काम माणसाच्या गळ्यांतून काढून यंत्राच्याच गळ्यांत घातलें. डिसेंबर १९६२ मध्यें सुरू झालेल्या त्यांच्या 'अ‍ॅटलास' यंत्रांत चालती स्मृति १६,३८४ शब्दांची आणि फिरत्या ढोलावरची सांठवण ९८,३०४ शब्दांची होती. पण आज्ञावली लिहिणाऱ्याला ती सगळी मिळून एकच मोठी स्मृति दिसे. ५१२ शब्दांचें एक पान, ह्या मापानें यंत्र स्वतःच पानें आंतबाहेर करी. कोणतें पान परत पाठवावें हें ठरविण्यासाठीं, पूर्वीं कोणतें पान किती वेळ पडून राहिलें ह्याचा अनुभव तें जमेस धरी. थोड्या मेजावर मोठें दप्तर चालविण्याची ही युक्ति इतकी सोईची होती कीं, पुढें बहुतेक सर्व संगणकांनीं ती उचलली.

परंतु एका गोष्टीचा हिशेब राहून गेला. समजा, पांच माणसें एकाच वेळीं कारकुनापुढें आलीं आणि प्रत्येकाला निराळा रुमाल पाहिजे. कारकून पहिल्यासाठीं रुमाल आणतो, तों दुसरा आपला मागतो. तो आणावयास पहिल्याचा परत न्यावा लागतो. इतक्यांत पहिल्याला तोच पुन्हां हवा असतो. दिवसभर कारकून धांवतो, घामाघूम होतो, आणि संध्याकाळीं पाहावें तर एकाचेंहि काम झालेलें नाहीं. अमेरिकेंतील एम.आय.टी. ह्या विख्यात संस्थेंत शिकलेले पीटर डेनिंग ह्यांनीं १९६८ सालीं ह्या अवस्थेचें शास्त्रीय विवेचन केलें. तिला 'थ्रॅशिंग' म्हणत. मराठींत 'नुसती तडफड' म्हणावें. त्यांनीं दाखविलेली महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ही अवस्था हळूहळू येत नाहीं. एकेक आज्ञावली वाढवीत जावें, तसतसें यंत्राकडून अधिकाधिक काम निघतें. आणि मेज भरण्याची मर्यादा ओलांडतांच, आणखी एकच आज्ञावली वाढली तरी, सगळें काम एकदम कोसळतें. 'काल तर ठीक चालत होता हो!' असें जें प्रत्येक घरांत ऐकूं येतें, त्याचें कारण हें. काल मेजावर चार रुमाल होते, आज पांच झाले, एवढाच फरक.

उपायहि डेनिंग ह्यांनींच सांगितला. प्रत्येक कामाला त्या त्या वेळीं लागणाऱ्या पानांचा एक लहान संच असतो. ज्यांचे संच मेजावर मावतील तेवढींच कामें हातीं घ्यावींत, बाकीच्यांनीं रांगेंत थांबावें. कारकून अधिक चपळ नेमून उपयोग नाहीं. एक तर मेज मोठें करावें, नाहीं तर गर्दी कमी करावी. प्रोसेसर नवा घेऊन अशा दुखण्याला उतार पडत नाहीं तो ह्यासाठींच. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशांतला तो प्रकार होतो.

मेज आणि दप्तरखाना ह्यांच्या वेगांतील अंतर किती असतें, ह्याची बहुतेकांस कल्पना नसते. पहिली फिरती डिस्क 'आयबीएम'नें १९५६ सालीं विक्रीस आणली. तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, ५० लक्ष अक्षरें मावत, आणि हवी ती माहिती सांपडण्यास सरासरी अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे. त्यानंतर डिस्क लहान होत होत खिशांत मावूं लागली, तिची सांठवण लक्षपटीनें वाढली; परंतु तबकडी फिरण्यास आणि सुई जागेवर जाण्यास लागणारा वेळ घरगुती डिस्कमध्यें सेकंदाच्या एक-शतांशाच्या आसपास येऊन थबकला. चालती स्मृति तेंच काम सुमारें एका सेकंदाच्या एक-कोट्यंशांत करते. म्हणजे अंतर एक लक्षपटीचें. मेजावरचा कागद उचलण्यास कारकुनाला एक सेकंद लागतो असें धरलें, तर दप्तरखान्यांत जाऊन रुमाल आणण्यास त्याला एक दिवस आणि सुमारें पावणेचार तास लागतील! एवढ्या वेळांत गणित करणारा भाग काय करतो? कांहीं नाहीं. तो वाट पाहतो. ज्याला लोक थकलेला म्हणतात तो वास्तविक रिकामा बसलेला असतो.

ही युक्ति आणि हें दुखणें दोन्ही घराच्या उंबरठ्यापर्यंत पोंचण्यास कांहीं वर्षें लागलीं. 'आयबीएम'चा घरगुती संगणक १९८१ च्या ऑगस्टांत निघाला, तेव्हां त्याच्या सर्वांत स्वस्त नमुन्यांत १६ किलोबाइट स्मृति असे आणि हार्ड डिस्क नसेच. एका वेळीं एकच काम, त्यामुळें गर्दीचा प्रश्नच नव्हता. सुरू होतांना तो आपलीं अवयवें तपासून एक 'टीं' असा आवाज देई. आवाज निराळा आला कीं समजावें, कांहीं तरी बिघडलें. १९८५ सालच्या इंटेलच्या '३८६' प्रोसेसरांत पानें आंतबाहेर करण्याची सोय अंगचीच आली, आणि १९९० सालच्या 'विंडोज ३'नें तिचा उपयोग घरोघरीं सुरू केला. मग एका वेळीं चार कामें उघडीं ठेवण्याची संवय लोकांस लागली. तिच्याबरोबर डिस्कवरचा लुकलुकता दिवाहि आला.

त्यानंतरचे आंकडे बोलके आहेत. १९९५ सालच्या विंडोजला निदान ४ मेगाबाइट स्मृति लागे. २००१ सालच्या 'एक्सपी'ला ६४, २००७ सालच्या 'व्हिस्टा'ला ५१२, आणि २०२१ सालच्या 'विंडोज ११'ला ४ गिगाबाइट, म्हणजे १९९५ च्या सुमारें हजारपट. आणि हे कंपनीचे किमान आंकडे. तेवढ्यावर यंत्र कसें चालतें हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांना सांगावयास नको. १९९५ सालींच निक्लाउस विर्थ ह्या स्विस विद्वानानें, यंत्रें जितक्या झपाट्यानें वेगवान् होतात त्याहून अधिक झपाट्यानें आज्ञावल्या मंद होत आहेत, अशी तक्रार छापून केली होती. तेव्हां 'संगणक जुना झाला' ह्या वाक्यांतील कर्ताच चुकलेला असतो. मेज होतें तेवढेंच आहे. रुमाल फुगले आहेत.

जेथें दुखणें सार्वत्रिक आणि कारण अदृश्य, तेथें वैदू यावयाचेच. १९९५ सालीं स्मृतीच्या पट्ट्या महाग होत्या. तेव्हां सिंक्रोनिस नांवाच्या एका अमेरिकन कंपनीनें 'सॉफ्टरॅम ९५' ही आज्ञावली बाजारांत आणली. ती घातली कीं पट्टी विकत न घेतां संगणकाची स्मृति दुप्पट होते, असा तिचा डंका होता. लोकांच्या उड्या पडल्या. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल ह्या दोघा जाणकारांनीं ती आज्ञावली उलगडून पाहिली. पानें दाबून लहान करण्याचें जें काम ती करते असें सांगितलें होतें, तें ती करीतच नव्हती. पडद्यावर मात्र स्मृति वाढल्याचा आंकडा झोंकांत झळके, आणि तो आंकडा पाहून कित्येकांना आपला संगणक खरोखरीच जलद झाल्यासारखा वाटे! १९९६ सालीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें कंपनीवर खोट्या जाहिरातीचा ठपका ठेवला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. अंगाऱ्यानें ताप उतरल्याच्या गोष्टींना हंसणाऱ्या सुशिक्षितांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

ह्या प्रकरणाची दुसरी बाजू मोठी आनंदाची आहे. जे दोघे हें कुभांड उलगडण्यास पुढें झाले, त्यांनीं त्याच १९९६ सालीं, संगणक आंत काय करतो आहे हें उघड करून दाखविणारीं आपलीं साधनें लोकांना फुकट देण्यास आरंभ केला. कोणती आज्ञावली कोणती फाइल किती वेळां उघडते आहे, हें सामान्य माणसाला प्रथमच डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलें. दहा वर्षांनीं, २००६ सालीं, मायक्रोसॉफ्टनें त्यांची कंपनीच विकत घेतली. साधनें फुकटच राहिलीं. मायक्रोसॉफ्टमधील डेव्ह प्लमर ह्यांनीं लिहिलेला 'टास्क मॅनेजर'हि १९९६ सालच्या 'विंडोज एन.टी. ४' मधलाच; २००१ मध्यें 'एक्सपी'बरोबर तो घराघरांत पोंचला, आणि २०१२ पासून त्यांत डिस्कचा रकानाहि दिसूं लागला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप हीं तीन बटणें एकदम दाबलीं कीं हा तक्ता समोर उभा राहतो. इतकी मौल्यवान् वस्तु प्रत्येक विंडोज-संगणकांत असतां, तिच्याकडे एकवार न पाहतां यंत्र भंगारांत घालणारीं घरें असंख्य आहेत.

त्या तक्त्यांतले तीन रकाने वाचतां आले म्हणजे ऐंशी वर्षांचा हा इतिहास कामास येतो. स्मृतीचा रकाना कांठोकांठ, डिस्कचा शंभरावर आणि प्रोसेसर मात्र दहा-पंधरावर, तर ती डेनिंगची तडफड. ब्राउझरचीं उघडीं पडलेलीं पानें मिटावींत, यंत्राबरोबर न बोलावतां उठणाऱ्या आज्ञावल्या बंद कराव्यात, जागा असेल तर स्मृतीची आणखी एक पट्टी बसवावी. स्मृति रिकामी आणि तरी डिस्क शंभरावर, तर एक तर पडद्यामागें विंडोजची किंवा व्हायरसशोधकाची सफाई चालली आहे, आणि ती आपोआप संपेल. नाहीं तर डिस्कच आजारी आहे. हें दुसरें प्रकरण गंभीर. झिजलेल्या तबकडीवरचा भाग एका वाचनांत उमटत नाहीं, म्हणून डिस्क तो पुन्हां पुन्हां वाचूं पाहते आणि त्या खटाटोपांत सेकंदामागून सेकंद जातात. येथें मंदपणा हें दुखणें नसून मृत्यूची पूर्वसूचना असते. अशा वेळीं संगणक जलद करण्याच्या नादीं न लागतां छायाचित्रें आणि कागद दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावेत. वेग मागाहून पाहतां येईल. ज्या घरांनीं हा क्रम उलटा केला त्यांनीं वेगहि गमावला आणि छायाचित्रेंहि.

प्रोसेसरच शंभरावर असेल, तर कोणत्या आज्ञावलीनें तो अडवून धरला आहे तिचें नांव त्याच ओळींत लिहिलेलें असतें. शेजाऱ्याचा व्हायरस असलाच तर बहुधा येथें सांपडतो; नेहमींच असतो असें मात्र नाहीं. बंद करून पुन्हां सुरू करण्याचा जो सर्वांस ठाऊक असलेला तोडगा, त्याचा गुण येतो तो घेतलेली स्मृति परत न देणाऱ्या आज्ञावल्या त्यामुळें हातचें सोडतात म्हणून.

एक अपवाद मात्र नमूद केला पाहिजे, कारण त्यापुरतें वडीलधाऱ्यांचें म्हणणें खरें ठरतें. २००० सालीं निघालेल्या इंटेलच्या 'पेंटियम ४' मध्यें अशी व्यवस्था केलेली होती कीं, प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापला तर त्यानें स्वतःच मधून मधून थांबावें, म्हणजे जळणार नाहीं. पुढें ही सोय सर्वत्र आली. पांच-सहा वर्षांची धूळ पंख्यांत आणि झरोक्यांत दाटली, प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप सुकला, कीं यंत्र तापतें आणि आपला जीव वांचविण्यासाठीं मुद्दाम मंद चालतें. दुपारीं मंद आणि पहांटे जलद, पंख्याची सतत घरघर, हीं ह्याचीं लक्षणें. औषध म्हणजे एक मऊ कुंचला, नवा लेप आणि अर्ध्या तासाची फुरसत. ह्या साध्या उपायाची दुकानांतून कोणी जाहिरात करीत नाहीं, ह्यांत नवल नाहीं.

जाहिरात होते ती दुसऱ्याच गोष्टींची. २०१९ सालीं फेडरल ट्रेड कमिशननें 'ऑफिस डेपो' ह्या अमेरिकन दुकानसमूहाचें आणि त्याला आज्ञावली पुरविणाऱ्या 'सपोर्ट डॉट कॉम' ह्या कंपनीचें प्रकरण मिटविलें. दोघांनीं मिळून ३ कोटि ५० लक्ष डॉलर भरले. दुकानांत संगणकाची फुकट तपासणी होई. आधीं गिऱ्हाईकाला विचारीत, संगणक मंद झाला आहे काय? मध्येंच बंद पडतो काय? अशा एखाद्या प्रश्नाला 'होय' उत्तर मिळालें, कीं तपासणीचा निकाल ठरलेला : घातक आज्ञावलींचीं लक्षणें आढळलीं. यंत्रांत कांहीं असो वा नसो. मग त्यावर शेंकडों डॉलरपर्यंतची दुरुस्ती. २००९ पासून २०१६ पर्यंत हें चाललें होतें. रोग्यानें 'डोकें दुखतें' म्हणावें आणि वैद्यानें नाडी न पाहतां विषबाधेचें औषध द्यावें, तसाच हा व्यवहार.

खरा दिलासा आला तो निराळ्या बाजूनें. २००८ सालीं इंटेलनें घरगुती संगणकासाठीं अशी डिस्क विक्रीस आणली कीं, तिच्यांत फिरणारी तबकडीच नव्हती. सगळी सांठवण चिपांवर. आरंभीं ती फार महाग होती, पुढें हळूहळू आवाक्यांत आली. तिला रुमाल काढून देण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या सुमारें दहा-हजाराव्या भागाइतका. मघांच्या कारकुनाच्या मापानें, एक दिवस आणि पावणेचार तासांचा हेलपाटा सतरा मिनिटांवर आला. म्हणूनच दहा वर्षांचा, लोकांनीं टाकाऊ ठरविलेला संगणक केवळ डिस्क बदलतांच तरण्याबांड घोड्यासारखा उधळूं लागतो. त्याचा प्रोसेसर मुळांत कधींच थकलेला नव्हता.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं 'विंडोज १०' च्या सर्वसाधारण दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टनें थांबविल्या. नांव नोंदविणाऱ्या गृहस्थांस कांहीं मुदत दिली गेली. 'विंडोज ११' साठीं सुरक्षिततेची एक विशिष्ट चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो, आणि हीं दोन्ही नसलेले लक्षावधि संगणक त्या दिवशीं एकाएकीं 'जुने' ठरले. १५ ऑक्टोबरच्या सकाळीं ते आदल्या दिवसाइतक्याच वेगानें सुरू झाले. सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्यानें तो दृष्टीआड करूं नये. परंतु तो वेगाचा प्रश्न नव्हे, आणि दुकानाच्या फळीवर हे दोन प्रश्न फार लौकर एक होऊन जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत जगांत विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा ६ कोटि २० लक्ष टन कचरा झाला, आणि त्यांतील चतुर्थांशाहूनहि कमी भाग रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या मार्गास लागल्याची नोंद आहे. मंद म्हणून फेकलेल्या त्यांतल्या किती पेट्यांचा तीन रकान्यांचा तक्ता फेकण्यापूर्वीं कोणीं उघडून पाहिला होता, ह्याची नोंद कोणत्याहि अहवालांत नाहीं.

दरम्यान, लिनस टॉरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेल्या 'लिनक्स' पद्धतीच्या हलक्या आवृत्त्या त्याच यंत्रांवर चढवून अनेकांनीं तीं पुन्हां कामास लावलीं आहेत. त्यांचे रुमाल लहान असतात, आणि जुन्या मेजावर ते चार नव्हे, चांगले आठ मावतात.